सही करताय का? स्पॅनिशचं सबजंक्टिव्ह मराठीच्या कानाने

मेक्सिकोतल्या केरेतारो शहरातल्या एका कारखान्यात रुजू होऊन मला दीड महिना झाला होता. गाडीच्या दाराला आतून लागणारे प्लास्टिकचे पार्ट तिथे निघायचे आणि मी क्वालिटीत होतो. एका रात्री दहाच्या सुमाराला, म्हणजे चाकणला सकाळचे साडेनऊ झाले असताना, साहेबांचा फोन आला. साच्यात गडबड आहे, आधी लाइन थांबवायला सांग. मी पळत शिफ्टच्या बाईंकडे गेलो आणि म्हणालो, ‘दीसे के पारान ला लीनेआ.’ बाईंनी मान डोलावली, ‘आ, बुएनो’ म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कागदांत डोकं घातलं.

वीस मिनिटांनी मी परत गेलो तर लाइन सुरूच होती आणि दोन क्रेट भरून माल भंगारात. ‘साहेब लाइन थांबवा म्हणताहेत’ असं आपण सांगितलंय, अशी माझी समजूत होती. बाईंनी ऐकलं ते ‘लाइन थांबवताहेत म्हणे’. कोणीतरी थांबवतंय, तर थांबवू देत की. मला म्हणायचं होतं ‘पारेन’. ‘पारान’ इंडिकेटिव्ह, म्हणजे क्रियापदाचं सरळ विधानाचं रूप. ‘पारेन’ सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, निरोप वगैरेंसाठीचं वेगळं रूप. फरक एका स्वराचा, आणि स्क्रॅप नोटवर नाव माझं.

पुढे तीन वर्षं तिथे काढली. आता निगडीला घरी दर रविवारी सकाळी सहा-सात जणांना स्पॅनिश शिकवतो. बहुतेक जण कामासाठी मेक्सिकोला किंवा स्पेनला निघालेले असतात, आणि सगळे याच ठिकाणी अडकतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. स्पॅनिश शब्द मी मेक्सिकोत ऐकले तसे लिहिलेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘शंका असेल तिथे सबजंक्टिव्ह’ हा नियम मलाही शिकवला होता आणि तो अर्धाच खरा आहे. ‘क्रेओ के बिएने’ म्हणजे ‘मला वाटतं तो येतोय’. इथे शंका आहे, तरी ‘बिएने’ हा इंडिकेटिव्ह. ‘मे आलेग्रा के एस्तेस आकी’ म्हणजे ‘तू इथे आहेस याचा आनंद वाटतो’. माणूस समोर बसलाय, शंकेला जागाच नाही, तरी ‘एस्तेस’ हा सबजंक्टिव्ह. शंकेच्या मागे लागलात तर ही दोन्ही वाक्यं चुकणार.

माझी कसोटी माझ्या नोकरीतून आली. क्वालिटीच्या माणसाला प्रत्येक लॉटच्या टॅगवर सही करावी लागते. सही केली म्हणजे ‘हे असं आहे, मी सांगतोय’. स्पॅनिश वाक्यात ‘के’च्या, म्हणजे आपल्या ‘की’च्या, पुढचा तुकडा वेगळा काढून बघायचा आणि स्वतःला विचारायचं, मी यावर सही करतोय का? माझ्या नावावर हे विधान मी खाली ठेवतोय का? करत असाल तर इंडिकेटिव्ह, नसाल तर सबजंक्टिव्ह.

‘क्रेओ के बिएने’ मध्ये ‘तो येतोय’ यावर मी सही करतोय. पेन्सिलीने असेल, पण करतोय. ‘नो क्रेओ के बेंगा’ मध्ये सही नाकारतोय. ‘किएरो के बेंगा’, त्याने यावं अशी माझी इच्छा आहे. तो येतो की नाही याबद्दल मी काही बोललेलोच नाही, मग सही कशावर करू? ‘एस बेर्दाद के बिएने’, तो येतो हे खरं आहे, ही तर ठसठशीत सही. ‘एस इम्पोर्तांते के बेंगा’, त्याने येणं महत्त्वाचं आहे. महत्त्वाचं आहे एवढंच मी म्हणतोय.

आणि ‘मे आलेग्रा के एस्तेस आकी’? तो लॉट आधीच पास झालेला आहे. तू इथे आहेस हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी बातमी देत नाही, त्याबद्दल मला काय वाटतं ते सांगतोय. पास झालेल्या मालावर परत सही करत नाहीत. आनंद, राग, वाईट वाटणं, आश्चर्य, कंटाळा हे सगळे प्रकार याच खात्यात जातात.

इथे मराठी मदत करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ‘तू आहेस याचा आनंद आहे’ मधलं ‘आहेस’ आपल्याला सरळ विधान वाटतं, त्यामुळे भावनांच्या वाक्यांत मराठी माणूस हटकून इंडिकेटिव्ह लावतो. भर म्हणून मेक्सिकोत उठता-बसता ‘के बुएनो के बिनीस्ते’ कानावर पडतं, ‘बरं झालं आलास’, आणि त्यातलं ‘बिनीस्ते’ इंडिकेटिव्ह आहे. ते तिथलं चालतं-बोलतं रूप आहे, चूक नाही. ऐकलंत तर तसंच म्हणा. परीक्षेच्या पेपरात मात्र ‘मे आलेग्रा के’च्या पुढे सबजंक्टिव्हच लिहा.

बाकी ठिकाणी मात्र मराठी भलतीच कामाला येते. आणि आपण करतो काय, तर स्पॅनिश वाक्य आधी इंग्रजीत नेतो. इंग्रजीत हा भेद जवळजवळ झिजून गेलाय, त्यामुळे तिथून हात हलवत परत येतो. शाळेत क्रियापदाचे अर्थ पाठ केलेले आठवतात? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षा झाली की विसरलो. पण बोलताना रोज वापरतो. माझी लाइनवरची चूकच बघा. ‘थांबवताहेत म्हणे’ हा स्वार्थ. ‘थांबवावी असं म्हणताहेत’ हा विध्यर्थ. ‘दीसे’, म्हणजे ‘म्हणतो’, हे एकच क्रियापद बातमीही देतं आणि निरोपही देतं. कोणतं काम चाललंय ते पुढच्या क्रियापदाच्या स्वरावरून कळतं. निरोप द्यायचा असेल तर मनात ‘-आवं’ येतं. ‘-आवं’ आलं की सबजंक्टिव्ह, हे डोळे मिटून धरून चाला. त्याने यावं, तिने बोलावं, आपण निघावं. लग्नपत्रिकेत ‘उपस्थित राहावे’ लिहितो तो आदराचा सूरसुद्धा स्पॅनिशमध्ये इथूनच येतो. ‘पासे’, ‘दीगा’, ‘तोमे आसिएंतो’, म्हणजे आत या, बोला, बसा. अहो-जाहो करून दिलेली प्रत्येक आज्ञा रूपाने सबजंक्टिव्ह असते. मेक्सिकोत हाक मारली की ‘मांदे?’ म्हणतात, ‘काय आज्ञा?’ म्हटल्यासारखं. तेही तेच रूप.

दुसरी खूण ‘-ओ’ची. देव तुझं भलं करो, सुखी राहो, काहीही होवो. ‘के ते बाया बिएन’, तुझं चांगलं होवो. ‘पासे लो के पासे’, काय व्हायचं ते होवो. ‘दीगा लो के दीगा’, तो काहीही म्हणो. ‘बेंगा ओ नो बेंगा’, येवो न येवो. ‘सेआ किएन सेआ’, कोणी का असेना. ही वाक्यं वर्गात सांगितली की लोक हसतात, कारण आपल्याकडेही क्रियापद असंच दोनदा येतं. ‘ओहाला’ हा शब्दही इथलाच. मूळ अरबी, ‘देवाची इच्छा असेल तर’ अशा अर्थाचा. ‘ओहाला युएबा’, पाऊस पडू दे रे देवा. ‘ओहाला’च्या पुढे इंडिकेटिव्ह कधीच येत नाही.

आता ‘वाटतं’बद्दल, कारण हा शब्द घात करतो. ‘मला वाटतं तो येईल’ आणि ‘मला वाटतं त्याने यावं’ या दोन्हींत आपण ‘वाटतं’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘क्रेओ’, दुसऱ्याला ‘किएरो’. ‘वाटतं’ डोक्यात आलं की लगेच क्रियापद निवडू नका. पुढे ‘येईल’ आहे की ‘यावं’, ते बघा. आणि ‘मला वाटत नाही तो येईल’ म्हणतानाही मराठीत ‘येईल’च राहतं, स्पॅनिशमध्ये मात्र ‘बेंगा’ होतं. ‘नाही’ नेमकं कुठे बसलंय ते पाहा. ‘वाटत नाही’ असेल तर सही नाही. ‘वाटतं की येणार नाही’ असेल, ‘क्रेओ के नो बिएने’, तर ‘येणार नाही’ यावर सही आहे.

शोधताय की सापडलंय

केरेतारोत घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. गावातून दगडी जलवाहिनी जाते, 74 कमानींची, अठराव्या शतकातली. तिच्या आसपास दोन खोल्यांचं काही मिळावं अशी इच्छा होती. एजंटला सांगितलं, ‘बुस्को उन देपार्तामेंतो के तिएने दोस रेकामारास.’ त्याने वही उघडून पेन काढलं आणि विचारलं, ‘क्वाल?’ कुठला? मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ‘तिएने’ म्हटल्यामुळे त्याला वाटलं की एक ठरावीक, दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या मनात आहे आणि मी त्याचाच पत्ता विचारतोय. म्हणायला हवं होतं ‘के तेंगा’, दोन खोल्या असतील असा. कुठलाही, मिळेल तो.

या जागी मराठी माणूस का चुकतो हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडचं ‘-णारा’ हा भेद गिळून टाकतं. ‘स्पॅनिश बोलणारा माणूस शोधतोय.’ तो माणूस ओळखीचा आहे आणि गर्दीत हरवलाय, की नोकरीसाठी कोणी तसा मिळतोय का ते बघताय? ‘बोलणारा’वरून कळत नाही. म्हणून ‘-णारा’ आला की तो फोडायचा. ‘जो बोलतो तो’ असं फुटलं तर इंडिकेटिव्ह, ‘जो बोलत असेल असा’ असं फुटलं तर सबजंक्टिव्ह. ‘नेसेसितामोस उन तेक्निको के सेपा सोल्दार’, वेल्डिंग येत असेल असा टेक्निशियन हवाय. ‘तेनेमोस उन तेक्निको के साबे सोल्दार’, वेल्डिंग येतं असा एक जण आमच्याकडे आहे. ‘नो आय नादिए के सेपा’, येत असेल असं कोणीच नाही. नसलेल्या माणसावर सही कशी करणार?

‘हवं ते’सुद्धा याच घरातलं. ‘कोमे लो के किएरास’, तुला जे हवं असेल ते खा. काय हवंय ते मला माहीत नाही, तूच ठरव. ‘कोमो किएरास’, ‘क्वांदो किएरास’, ‘दोंदे किएरास’, तुला हवं तसं, हवं तेव्हा, हवं तिथे. तिथल्या पाहुणचाराची निम्मी भाषा या तीन शब्दांत आटोपते.

पोचलास की

घरमालकीण रोज रात्री बजावायची, ‘मे आबीसास क्वांदो येगेस.’ पोचलास की कळव. पोचणं अजून घडलेलं नाही, म्हणून ‘येगेस’, सबजंक्टिव्ह. मी मात्र कित्येक महिने ‘क्वांदो येगारास’ असं भविष्यकाळी काहीतरी ठोकत होतो, कारण मनात ‘पोचशील तेव्हा’ असायचं. त्यावर उपाय असा, की मनातलं वाक्य ‘की’ने बोलायचं. पोचलास की, जेवण झालं की, पगार झाला की. मराठीसुद्धा तिथे भविष्यकाळ टाळून वेगळ्याच रूपाचा आडोसा घेते, आणि तो आडोसा दिसला की हात आपोआप सबजंक्टिव्हकडे जातो.

रोजची सवय असेल तर मात्र इंडिकेटिव्ह. ‘क्वांदो येगो आ कासा, सेनो’, घरी पोचलो की जेवतो, रोज. ‘की’ इथेही आहे, तेव्हा नुसत्या ‘की’वर विसंबू नका. घडून गेलेलं असेल तरी इंडिकेटिव्ह. जे घडतं आणि घडलंय त्यावर सही करता येते, उद्याच्या मालावर येत नाही. ‘आस्ता के’, म्हणजे ‘होईपर्यंत’, हाही याच चालीने चालतो. आणि ‘कधी येतोस?’ या प्रश्नातला ‘क्वांदो’ वेगळा. त्याच्यापुढे सबजंक्टिव्ह लावू नका.

आमच्यात मडगावचा एक जण होता, आजीकडून घरी पोर्तुगीज शिकलेला. तो इथे तिसरंच रूप काढायचा. पोर्तुगीजमध्ये या जागेला भविष्यकाळाचा स्वतंत्र सबजंक्टिव्ह आहे आणि तो अजून रोजच्या बोलण्यात आहे. स्पॅनिशमध्येही तो होता, पण आता कायद्याच्या मजकुरात आणि म्हणींत उरलाय. ‘आदोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस’, जिथे जाशील तिथे जे बघशील ते कर. आपली ‘देश तसा वेश’. पोर्तुगीज येत असेल तर ते रूप जपून ठेवा, फक्त स्पॅनिश बोलताना खिशात राहू द्या.

तर आणि तरी

रविवारच्या मुलांना ही जागा सर्वांत जास्त आवडते. ‘पाऊस पडला तर’ आणि ‘पाऊस पडला तरी’. मराठीत फरक एका वेलांटीचा.

‘पाऊस पडला तर मी जात नाही’, ‘सी युएबे, नो बोय’. इंडिकेटिव्ह. ‘तर’च्या अर्थाने आलेल्या ‘सी’च्या मागे वर्तमानातला सबजंक्टिव्ह लावायचा नाही. ‘सी युएबा’ म्हणालात तर समोरचा दचकेल. इथे माझी सहीची कसोटी चालत नाही, हे कबूल करतो. पाऊस पडेल की नाही कोणास ठाऊक, मग सही कसली? पण भाषेने ठरवलंय, मान्य करून पुढे जा.

‘पाऊस पडला तरी जाईन’, ‘आउंके युएबा, इरे’. सबजंक्टिव्ह. पडो न पडो, माझं ठरलंय. पण खिडकीबाहेर धो-धो कोसळतोय आणि तुम्ही ती बातमी देताय, ‘पाऊस पडतोय, तरी जातोय’, तर ‘आउंके युएबे, बोय’. इंडिकेटिव्ह, कारण पावसावर सही केलीत. तिसरी छटाही आहे. समोरच्याला माहीत असलेलीच गोष्ट बाजूला सारायची असते तेव्हा, ‘आउंके सेआ तू एर्मानो’, तुझा भाऊ असला तरी. भाऊ आहे हे त्याला ठाऊकच आहे, तुम्ही ते सांगत नाही. पास झालेला लॉट, पुन्हा तेच.

‘माझ्याकडे पैसे असते तर’ हा आपला संकेतार्थ. तो आला की मात्र ‘सी’च्या मागे सबजंक्टिव्ह येतो, पण भूतकाळाचा. ‘सी तुबिएरा दिनेरो’. म्हणजे मनात ‘असते तर, आला असता तर’ आलं की ‘तुबिएरा’ची जात, ‘आले तर, पडला तर’ आलं की साधा वर्तमान. हे रूप ‘ते सगळे’च्या भूतकाळावरून काढतात. ‘तुबिएरोन’मधला ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा. ‘बिनिएरोन’ वरून ‘बिनिएरा’, ‘दिहेरोन’ वरून ‘दिहेरा’. यात अपवाद नाही, आणि स्पॅनिशमध्ये असं फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणता येतं.

वर्तमानाची रूपं दोन ओळींत सांगतो. ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा, उलटा स्वर लावा. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘ए’, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपत असेल तर ‘आ’. ‘आब्लो’चं ‘आब्ले’, ‘कोमो’चं ‘कोमा’, ‘तेंगो’चं ‘तेंगा’, ‘दीगो’चं ‘दीगा’. न ऐकणारे सहा: सेआ, बाया, आया, सेपा, एस्ते, दे. ते पाठ करायचे, इलाज नाही.

वाद न घालता सबजंक्टिव्ह लावायचे शब्द: ‘पारा के’ (यासाठी की), ‘सिन के’ (न होता), ‘आंतेस दे के’ (होण्याआधी). यातला शेवटचा चिडवतो, कारण गोष्ट घडून गेलेली असली तरी तो सबजंक्टिव्हच मागतो. याच्या उलट ‘आ लो मेहोर’, म्हणजे ‘कदाचित’. त्याच्यामागे कायम इंडिकेटिव्ह. ‘किसास’ आणि ‘ताल बेस’ दोन्हीकडे चालतात, तेव्हा बोलताना घाई असेल तर ‘आ लो मेहोर’ म्हणून सुटका करून घ्या. मी अजून घेतो.

दुसरी पळवाट म्हणजे कर्ता एकच असेल तर ‘के’ आणायचाच नाही. मला जायचंय, ‘किएरो इर’. तू जावंस असं मला वाटतं, ‘किएरो के बायास’. आपल्याकडेही ‘जायचंय’ आणि ‘जावंस’ अशी फाळणी आहेच.

सरावासाठी पुस्तकातली गाळलेल्या जागांची पानं मी देत नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभरात आलेले मराठी निरोप घ्यायला सांगतो आणि पेनने गोल करायला लावतो: -आवं, -ओ, असेल असा, -लास की, तरी. मग फक्त गोल केलेल्या जागा स्पॅनिशमध्ये न्यायच्या, अख्खं वाक्य नाही. सोसायटीच्या ग्रुपवरची ‘गाड्या रेषेच्या आत लावाव्यात’ ही एक सूचना पंधरा मिनिटं पुरते. आईचे निरोप सर्वांत श्रीमंत असतात. ‘वेळेवर जेव, पोचलीस की फोन कर, आणि पाऊस असला तरी छत्री विसरू नको.’ यातलं ‘विसरू नको’देखील सबजंक्टिव्हच होतं, कारण नकारार्थी आज्ञा स्पॅनिशमध्ये त्याच रूपाने देतात.

एक वाक्य मात्र पाठच करा, कारण जेवायला बोलावल्यावर ते लागतंच. ‘नो एस के नो मे गुस्ते, एस के या कोमी.’ आवडलं नाही असं नाही हो, पण जेवून आलोय. ‘नो एस के’च्या पुढे ‘गुस्ते’, सबजंक्टिव्ह, कारण ‘आवडलं नाही’ यावर मी सही नाकारतोय. ‘एस के’च्या पुढे ‘कोमी’, इंडिकेटिव्ह, कारण जेवलोय हे मी सांगतोय. एका दमात दोन्ही. घरमालकिणीने मक्याच्या गोर्दितांची, म्हणजे छोट्या जाड भाकऱ्यांची, परात पुढे सरकवली तेव्हा मी हे पहिल्यांदा न अडखळता म्हणालो आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. तिने परात तसूभरही मागे घेतली नाही. म्हणाली, ‘कोमेते आउंके सेआ ऊना.’

‘आउंके सेआ’, शब्दशः ‘असली तरी’. बोलण्यात मात्र त्याचा अर्थ आपल्या नुसत्या ‘तरी’चा. एक तरी खा. खाल्ली, मग आणखी दोन खाल्ल्या.